टाके बरोबर, माप चूक : विणलेलं अंगात का बसत नाही?

शहापुरात आमच्या घरी दिवाळी संपली की सुया बाहेर निघतात. बेळगावची थंडी तशी थोड्या दिवसांची, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला निघालेल्या मुलांना स्वेटर लागतोच. घरात कुणाला दिवस गेलेले असले तर बाळंतविड्याची टोपडी-मोजेही याच दिवसांत सुरू होतात. आणि मग एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे येते. टिळकवाडीची वहिनी म्हणते, "पुस्तकात लिहिलेत तेवढेच सत्तर टाके घातले, तरी पोराला ढगळ होतंय." खानापूरची मावसबहीण फोनवर, "टोपडं डोक्यात शिरेना गं." शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, त्या विणलेला तुकडा हातात धरून उंबऱ्यात उभ्या राहतात आणि "अळते सरी आगिल्ल" एवढंच म्हणतात. माप बरोबर झालं नाही.

मी पंचवीस वर्षांहून जास्त विणतेय आणि माझंही माप अनेकदा चुकलंय. दर वेळी कारण निराळं निघालं. एक कारण सापडलं की वाटायचं, आता सुटलं. पुढचा स्वेटर पुन्हा चुकायचा. म्हणून माझी सापडलेली कारणं एका जागी लिहिते.

सुरुवात उसवण्यापासून करू नका. चुकलेला कपडा सपाट जागी, चादरीवर पसरा, न ताणता. तळाशी, मध्यावर आणि मुंढ्याखाली अशी तीन ठिकाणी रुंदी मोजून कागदावर लिहा. तिन्ही ठिकाणी सारखीच रुंदी आली, पण हवी त्यापेक्षा कमी किंवा जास्त, तर दोष हातात नाहीतर सुईत आहे. वर जाताना रुंदी कमी होत गेली असेल तर कडेचे टाके गळताहेत. क्रोशात हे फार होतं. मध्येच एका ठिकाणाहून रुंदी बदलली असेल तर त्या ओळीला काय घडलं ते आठवा: सुई बदलली का, चार दिवस काम बाजूला पडलं होतं का. आणि विणून झालं तेव्हा बरोबर होतं, धुतल्यावर बिघडलं, असं असेल तर दोष धाग्याचा आहे. एवढं कळलं की अर्धं काम झालं, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि चुकीचा उपाय केला तर दुसऱ्यांदा उसवावं लागतं.

फणी नसलेलं विणकाम

मला ही गोष्ट खरी समजली ती वडगावात. आमच्या ओळखीचे एक आबा तिथे आयुष्यभर मागावर बसले. शहापूर-वडगाव हा साड्यांचा भाग. माग आता कमी झाले तरी काही गल्ल्यांत खटखट अजून ऐकू येते. मी त्यांच्या घरी गेले होते ते वेगळ्याच कामाला, पण हातात पिशवी होती, पिशवीत अर्धा स्वेटर. त्यांनी तो हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि विचारलं, "ह्याला फणी कुठं हाय?"

मागावर इंचात किती धागे बसणार हे फणी ठरवते. फणीचे दात जितके दाट तितकं कापड दाट. विणकर थकलेला असो, रागावलेला असो, फणी बदलत नाही, म्हणून रुंदी एकसारखी राहते. सुयांच्या विणकामात अशी फणी नसते. टाका किती मोठा पडणार हे ठरतं सुईच्या जाडीवर, धाग्यावर आणि करंगळीभोवती तो धागा किती ओढून धरलाय यावर. म्हणजे आपला हात हीच फणी, आणि प्रत्येकीची वेगळी. पुस्तकात लिहिलेले सत्तर टाके हे पुस्तक लिहिणारीच्या हाताचे आहेत.

आबांनी आणखी एक सांगितलं. "मागावरनं उतरलं की कापड आत येतंय की. ते धरूनच रुंदी घालायची." मागावर धागा ताणलेला असतो, ताण सुटला की कापड थोडं अरुंद होतं, आणि विणकर ते आधीच हिशेबात घेतो. सुईवर लटकत असलेल्या आपल्या तुकड्याचंही तसंच असतं. सुईवर असताना मोजलेली रुंदी फसवी असते, आणि आम्ही बायका बहुतेक वेळा तीच मोजतो.

आता आकडे बघा. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी स्वेटरचा घेर 64 सेंटिमीटर हवा असेल, म्हणजे पुढचा भाग 32, मागचा 32. पुस्तक म्हणतं 10 सेंटिमीटरला 22 टाके. त्या हिशेबाने सत्तर टाके घातले की 31.8 सेंटिमीटर होतात, ठीकच. पण वहिनीचा हात सैल आहे. तिचे 10 सेंटिमीटरला 20 च टाके बसतात. तेच सत्तर टाके तिच्या हातून 35 सेंटिमीटर होतात. दोन्ही भाग मिळून घेर 70. फरक फक्त दोन टाक्यांचा, आणि स्वेटर सहा सेंटिमीटरहून जास्त मोठा. तिने एकही टाका चुकवला नव्हता. ती आठ दिवस स्वतःला दोष देत होती, तेव्हा हा हिशेब मी तिला पाटीवर करून दाखवला.

उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि कुणालाच करायचा नसतो: आधी नमुन्याचा तुकडा विणायचा. मीही वर्षानुवर्षं टाळला. नवी लोकर हातात आली, बाळ येणार आहे, मन धावतं. कुणाला चौकोनी तुकडा विणत बसायचंय? पण तो विणायचा असेल तर नीट विणा. दहा टाक्यांचा चिंधीएवढा तुकडा काही कामाचा नाही, कारण कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात आणि लहान तुकड्यात सगळी कडाच असते. मी 34 ते 36 टाके घालते, ज्या नक्षीत स्वेटर विणायचा त्याच नक्षीत, 14-15 सेंटिमीटर उंच. मग टाके बंद करते, धुते, सपाट वाळवते, एक दिवस तसाच ठेवते. त्यानंतर मधोमध 10 सेंटिमीटरच्या अंतरावर दोन टाचण्या लावून त्यांच्यामधले टाके मोजते. अर्धा टाका आला तर तो अर्धाही लिहायचा. 22 ऐवजी साडेबावीस आले तर सत्तर टाक्यांत जवळपास पाऊण सेंटिमीटर कमी होतो, दोन्ही भाग मिळून दीड.

हवे त्यापेक्षा टाके जास्त आले तर हात घट्ट आहे, जाड सुई घ्या. कमी आले तर बारीक. हाताला "सैल विण, सैल विण" म्हणून बदलायला जाऊ नका. चार ओळी जमतं, मग हात आपल्या वळणावर जातो आणि मध्येच रुंदी बदलते. सुई बदलणं सोपं आहे.

लोकर वाया जाते म्हणणाऱ्यांना: तुकडा उसवून तीच लोकर शेवटी गळ्याला वापरता येते. मी मात्र उसवत नाही. प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधून डब्यात ठेवते.

सुईचा नंबर कुठला?

माझी दुसरी मोठी चूक मोबाइलवरून आली. भाचीने एक सुंदर जाळीची नक्षी दाखवली, अमेरिकेतल्या बाईची. ती "आठ नंबरची सुई" म्हणाली, मी आठ नंबरची सुई घेतली. विणलेलं फळीसारखं ताठ आणि सगळीकडून आखूड.

आपल्याकडे सुयांचे जे नंबर चालतात ते जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. 12 नंबर म्हणजे 2.75 मिलिमीटर, 11 म्हणजे 3, 10 म्हणजे 3.25, 9 म्हणजे 3.75, 8 म्हणजे 4. अमेरिकन पद्धतीत बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. म्हणजे मी एक पूर्ण मिलिमीटर बारीक सुई घेऊन बसले होते. तेव्हापासून मी नंबर बघत नाही, मिलिमीटर बघते. नव्या सुयांवर तो बहुतेक छापलेला असतो. आईच्या वेळच्या सुयांवरचा नंबर पुसलेला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते, त्यातून सुई घालून बघायची. एकाच जोडीतल्या दोन सुया वेगवेगळ्या जाडीच्या निघालेल्याही मी पाहिल्यात, कारण घरात सगळ्या एकाच नळकांड्यात असतात.

क्रोशाच्या शब्दांचीही अशीच गडबड आहे. अमेरिकन बाई ज्याला सिंगल क्रोशे म्हणते त्यालाच ब्रिटिश पुस्तक डबल क्रोशे म्हणतं. आपला मुका खांब. आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, आपला साधा खांब, सुईवर एक वेढा घेऊन केलेला. शब्द चुकला की उंची जवळपास दुप्पट किंवा निम्मी होते. नक्षी कुणाची आहे हे आधी बघा. नक्षीत कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द असेल तर ती अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत तो टाकाच नाही.

टोपडं डोक्यात का शिरेना

खानापूरच्या बहिणीने माझं ऐकून नमुना विणला होता, धुतला होता, मोजला होता. तरी टोपडं घट्ट. तिचा फोन आला तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी ती बसने आली, दोघी समोरासमोर बसलो आणि मी तिचे हात बघत राहिले. सुलट ओळीत तिचा टाका छोटा पडत होता, उलट ओळीत मोठा. पुष्कळ जणींचं असं असतं. विणलेल्या कापडाच्या मागच्या बाजूने बघितलं की दोन-दोन ओळींच्या मध्ये फट दिसते, शेतातल्या सऱ्यांसारखी.

नमुना तिने दोन सुयांवर विणला, म्हणजे एक ओळ सुलट, एक उलट. सरासरी ठीक आली. टोपडं विणलं चार सुयांवर गोल. गोल विणताना उलट ओळ येतच नाही, सगळं सुलट. म्हणजे तिच्या हातातला फक्त घट्ट भाग टोपड्यात उतरला. नमुना खोटा नव्हता, पण तो दुसऱ्याच कामाचा होता. टोपडी, मोजे, हातमोजे गोल विणायचे असतील तर नमुनाही गोलच विणायचा. आणि दोन सुयांवर विणताना सऱ्या पडत असतील तर उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई घ्यायची; उजव्या हातात बारीक, डाव्यात जाड, पुढच्या ओळीला सुई आपोआप उलटसुलट होते. बहिणीने पुन्हा विणलेलं टोपडं बसलं. तिने बाळाचा फोटो पाठवला तेव्हा मी भांडी घासत होते. हात पुसून तो फोटो मी तीन वेळा उघडून बघितला.

एकच बाई, दोन हात

हे लिहायला मला सगळ्यात जड जातं, पण सगळ्यात जास्त इथेच शिकले.

काही वर्षांपूर्वी सासूबाई दवाखान्यात होत्या. रात्री मी त्यांच्याजवळ असायचे. झोप येत नव्हती, म्हणून त्यांच्याचसाठी राखी रंगाचा पुढे बटणांचा स्वेटर घातला. मागचा सगळा भाग त्या खोलीत झाला. त्या घरी आल्यावर पुढचे दोन भाग मी घरी विणले, दुपारी, खिडकीत बसून, त्या समोर पलंगावर. जोडायला घेतले तेव्हा मागचा भाग पुढच्या दोन्ही भागांपेक्षा तीन सेंटिमीटर अरुंद. तीच लोकर, त्याच सुया, टाके मोजून बरोबर.

मागच्या भागातला प्रत्येक टाका आवळलेला होता. बोट लावलं की कळत होतं.

हात मनाबरोबर बदलतो. काळजीत घट्ट, निवांतपणी सैल. नव्या कामाच्या पहिल्या दहा-बारा ओळी घट्ट, मग लय लागते. महिनाभर काम बाजूला ठेवून पुन्हा धरलं की दुसराच हात. त्यामुळे नमुना एकदा मोजून भागत नाही. प्रत्यक्ष कपडा आठ-दहा सेंटिमीटर झाला की थांबायचं, जाड दोऱ्यावर टाके काढून घ्यायचे, तुकडा सपाट ठेवून पुन्हा मोजायचं. तेव्हा चूक कळली तर आठ सेंटिमीटर उसवावे लागतात, शेवटी कळली तर सगळा स्वेटर. आणि दोन्ही बाह्या एकाच वेळी, एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी विणायच्या. मग हात बदलला तरी दोघींचा सारखाच बदलतो.

त्या स्वेटरचा मागचा भाग मी उसवला नाही. उसवला असता तर काम सोपं झालं असतं, तरी माझ्याच्याने ते होईना. पुढचे दोन भाग उसवले आणि 9 ऐवजी 10 नंबरच्या सुयांवर पुन्हा विणले, म्हणजे ते मागच्याच्या मापाला आले. पूर्ण स्वेटर थोडा लहान झाला असता, म्हणून दोन्ही बगलांत एक सुलट एक उलट अशा विणीच्या दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या घातल्या. ती वीण ताणली जाते, त्यामुळे अंगाला छान बसला. सासूबाईंनी तो दोन थंड्या वापरला. आता माझ्या कपाटात आहे.

पाऊस आणि धुणं

आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत हे सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीकडे तर चार-चार दिवस ऊन दिसत नाही. मेंढीची लोकर हवेतला ओलावा स्वतःत घेते, स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घेतला तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून पावसाळ्यात नमुना "वाळलाय" वाटला तरी मोजायची घाई करू नका. मी दोन दिवस आतल्या खोलीत पंख्याखाली ठेवते.

धाग्याप्रमाणे वागणं वेगळं असतं. आपल्या बाजारात सगळ्यात जास्त मिळते ती ॲक्रिलिक. ती धुतल्याने आकाराला येत नाही, पण इस्त्रीने बिघडते. ओलं फडकं ठेवून केलेली गरम इस्त्रीसुद्धा जास्त झाली तर वीण लुळी पडते आणि पुन्हा कधी उभी राहत नाही. एका ओळखीच्या बाईंनी लग्नाच्या आहेराला विणलेला स्वेटर देण्याआधी घडी बसावी म्हणून इस्त्री केली; बॉर्डर लांबट, पसरलेली झाली. ते दुरुस्त होत नाही. खरी मेंढीची लोकर उलट, ओली करून टाचण्यांनी हव्या त्या मापाला बसवली तर वाळल्यावर तशीच राहते. एक-दोन सेंटिमीटरची चूक अशी निस्तरता येते. पण गरम पाण्यात चोळली तर आटून नमद्यासारखी होते, आणि तेही परत येत नाही. रिठ्याचं कोमट पाणी, वीस मिनिटं भिजवणं, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबणं, सपाट वाळवणं. दोरीवर कधीच नाही. ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने गुडघ्यापर्यंत येतो.

मशीनमध्ये धुता येईल म्हणून प्रक्रिया केलेली लोकर मिळते, ती भिजली की सैल पडते आणि वाढते. तिचा नमुना न धुता मोजणं म्हणजे न मोजण्यासारखंच. सुती धागा ताणला की मागे येत नाही, म्हणून सुती बॉर्डर नेहमी एक नंबर बारीक सुईवर विणावी. आणि दख्खनी मेंढीची काळी लोकर, जिची घोंगडी चिंचोक्याची खळ देऊन धनगरांकडे होते, ती पाठीवर घ्यायला उत्तम. बाळाच्या अंगाला मात्र टोचते, तिचा स्वेटर करायला जाऊ नका. मला दोघींनी विचारलं होतं म्हणून लिहिलं.

दुकानात लोकर घेताना लेबलवरचा लॉट नंबर बघून सगळे गुंडे एकदमच घ्या. मी एकदा दोन गुंडे कमी घेतले, महिन्याने परत गेले, तोच रंग, तोच नंबर, लॉट दुसरा. बाही अंगापेक्षा किंचित पिवळी दिसते, उन्हात जास्तच. मापाशी याचा संबंध नाही, पण स्वेटर उसवायची वेळ यानेही येते.

क्रोशात कड आत का जाते

थोडक्यात सांगते, कारण इथे कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. खांबांची ओळ सुरू करताना आपण तीन साखळ्या घालतो. त्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या टोकात घालायचा असतो, तो राहतो. दर ओळीला एक खांब गळतो आणि शाल त्रिकोणी होते. सुरुवातीचे महिनाभर प्रत्येक ओळ संपल्यावर खांब मोजा, आणि त्या तिसऱ्या साखळीत वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा, म्हणजे डोळ्याला दिसेल. तळ आवळून वर पसरत असेल तर पायाची साखळी घट्ट झालीय. तेवढी साखळी जाड सुईने घाला.

गोल ताटावरचे रुमाल वाटीसारखे वर येत असतील तर वाढ कमी पडतेय, झालरीसारखे लाटा मारत असतील तर जास्त. साध्या खांबाचा सपाट गोल हवा असेल तर 12 खांबांनी सुरुवात आणि दर फेरीला 12 वाढवायचे. मुक्या खांबाला 6 ने सुरुवात आणि दर फेरीला 6. वाटी होऊ लागली की इस्त्रीने सपाट होईल म्हणून पुढे जाऊ नका, दोन फेऱ्या मागे या.

उसवावंच लागलं तर

उसवलेली लोकर शेवयांसारखी वळ्यावळ्यांची असते. तिचा थेट गुंडा करून लगेच विणायला घेतलं की टाके लहानमोठे पडतात आणि पुन्हा माप चुकतं. खुर्चीच्या पाठीवर तिची लडी गुंडाळा, चार जागी सुती दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, पाणी दाबून काढा आणि सावलीत टांगा. मेंढीची लोकर सरळ होते. ॲक्रिलिक पूर्ण होत नाही, पण पुष्कळ बरी होते.

जाळीची किंवा वेणीची नक्षी असेल तर उसवताना टाके हरवतात. त्यासाठी मी दर वीस ओळींनी बारीक सुती दोरा दाभणात ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून घालून ठेवते. चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं, टाके दोऱ्यावर थांबतात. हे मी फार उशिरा शिकले. आधी कळलं असतं तर किती संध्याकाळी वाचल्या असत्या.

आणि सगळंच उसवायची गरज नसते. अरुंद झालं तर बगलेत पट्टी. लांबीला कमी पडलं तर तळाची बॉर्डर कापून टाके उचलून खाली विणता येतं. बाही लांब झाली तर मनगटाकडून उसवून पुन्हा बॉर्डर. ढगळ झालेला स्वेटर मोठ्या भावाला. वहिनीचा तो सत्तर टाक्यांचा स्वेटर तिच्या पुतण्याला बसला, तो सात वर्षांचा आहे आणि अंगातून काढत नाही म्हणे.

वहिनीने आता धाकट्याचा पुन्हा घातलाय. नमुना 20 टाक्यांचा आला म्हणून या वेळी सत्तर ऐवजी चौसष्ट टाके. काल रात्री ती दहा सेंटिमीटरपर्यंत आली, टाके दोऱ्यावर काढले, जेवणाच्या टेबलावर पसरून टेप लावला आणि मला फोन केला. "बत्तीस. बरोबर बत्तीस आलं की गं." मी तिला म्हटलं, टाके परत सुईवर घे आणि मुंढ्याच्या आधी अजून एकदा मोज.